शेवटचं नाव मांजरीचं

समुद्र म्हणजे काय, हे आमच्या खानदानात फक्त बाबांना माहीत. वलगावच्या काळ्या मातीतून उठून ते नौदलात गेले आणि इंग्रजांच्या वेळच्या एका जुन्या लढाऊ जहाजावर, बॉयलरपाशी, त्यांनी उमेदीची वर्षं काढली. ते जहाज कधीच भंगारात गेलं. त्यावरच्या मांजरीची गोष्ट मात्र आमच्या अमरावतीच्या घरात रोज निघते. धान्याच्या कोठीतले उंदीर मारायला ती ठेवलेली, पण खलाशांची तिच्यावर भारी श्रद्धा. बंदर सोडण्याआधी हजेरी व्हायची. सगळ्यांची नावं झाली की शेवटी मांजरीचा पुकारा. तिला सांभाळायचं काम बाबांकडे, म्हणून तिच्या वतीने तेच "हजर" म्हणायचे. मगच धक्क्याला लावलेली शिडी वर ओढली जायची.

हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बाबा ओट्यावर ठाण मांडून म्हणाले, "मांजर आल्याबिगर मी निंघत नाई," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

ब्याऐंशी वर्षांचा माणूस, आतड्यात गाठ. अकोल्याच्या डॉक्टरांनी अकराच्या आत पोचायला सांगितलेलं. दोनदा तारीख हुकली होती, एकदा तापामुळे, एकदा बाबांच्या हट्टामुळे. आता हुकली तर पुढे माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टर तोंडावर म्हणाले होते. आणि आमची मांजर, कान फाटलेली ती करडी भवानी, आदल्या संध्याकाळपासून बेपत्ता.

शेजारच्या भाभी बिचाऱ्या दुपट्टा खोचून गल्लीभर हाका मारत होत्या. साडेआठ वाजले. मी स्वयंपाकघरात गेले, तीन किलो तुरीची डाळ जुन्या शालीत गुंडाळली आणि मांजरीच्या झाकणाच्या टोपलीत ठेवली. बाहेर येऊन मोठ्याने म्हटलं, "भाभी, सापडली हो! माळ्यावर होती. सोबतच नेते."

"चलो, अच्छा हुआ," म्हणत भाभी घरात गेल्या. मी दाराला कुलूप लावलं, फाटकाची कडी घातली. बाबा मुकाट्याने गाडीत बसले आणि टोपली मांडीवर घेतली.

गाडी मीच चालवत होते. बडनेरा गेलं. बाबांनी झाकणावर हात ठेवलेला, नजर समोर. उपाशीपोटी त्यांचा चेहरा मेणासारखा दिसत होता. मी घड्याळ बघायची, मग टोपली, मग रस्ता. झाकण उघडलं तर काय बोलायचं, याची चार उत्तरं मनात तयार केली. त्यातलं एकही धड नव्हतं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे बाबा म्हणाले, "गाडी थांबव."

"बाबा, उशीर होते."

"थांबव म्हणलं ना."

मी गाडी बाजूला घेतली. ते उतरले आणि बाभळीला टेकून उभे राहिले. शेजारून ट्रक जात होते. पावणेदहा झालेले.

"काय हाये टोपलीत?" त्यांनी विचारलं.

मीही उतरले, गाडीचं दार लावलं.

"मांजर गाडीत अशी गप बसते काय? एकदाबी वरडली नाई."

"डाळ आहे," मी म्हटलं, आणि मग माझा बांध फुटला. "मरायचंय का तुमाले? एका मांजरीपायी? मी काय करू, सांगा ना! मले भीती वाटून राहिली बाबा!"

रस्त्याच्या कडेला मी रडत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. रागावले नाहीत, याचीच मला जास्त धास्ती वाटली.

"मीबी असंच केलं होतं," ते म्हणाले. "निंघाची घाई होती. मांजरीचं नाव पुकारलं अन् मी हजर म्हणून मोकळा झालो. वाटलं, असन कुठी कोठीत. शिडी वर घेतली. जहाज हललं, तवा थे मले धक्क्यावर दिसली. जिथं शिडी होती ना, तिथंच बसून होती."

"मग?"

"मग काय? कोणाले सांगू? चार महिन्यानं वापस आलो, तं थे कुठी गेली, कोणालेच मालूम नाई. गैरहजर म्हणलो असतो तं दोघं-तिघं शोधाले धावले असते. मी हजर म्हणलो, म्हणून कोणी शोधलंच नाई."

एवढ्या वर्षांत हजार गोष्टी सांगितल्या या माणसाने. ही एकच पोटात ठेवली होती. आणि आज सकाळी मी भाभींना घरात पाठवून कुलूप लावून आले होते. मला स्वतःची लाज वाटली.

मी तिथेच फोन लावला. "भाभी, मी खोटं बोलले. मांजर नाही सापडली."

भाभी चांगल्याच बरसल्या, आणि म्हणाल्या, "मैं निकलतीच अब्बी."

बाबांनी ते ऐकलं आणि स्वतःहून गाडीत बसले. अकोल्यात पोचलो तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती.

ऑपरेशन तीन तास चाललं. मी बाहेरच्या बाकावर फोन मुठीत धरून बसले होते. भाभींचे दोन फोन आले. नाल्यापाशी पाहिलं, शाळेमागे पाहिलं, नाही.

दुपारी मला आत सोडलं. बाबा नळ्यांमध्ये एवढेसे दिसत होते. भुलीतून ते अजून पुरते बाहेर आले नव्हते. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"हजर?"

नर्स हळूच म्हणाली, "हो म्हणा ना मॅडम. पेशंटला बरं वाटेल."

मलाही तेच म्हणायचं होतं. देवाशपथ, शब्द जिभेवर आला होता.

"नाही बाबा," मी म्हटलं. "गैरहजर हाये. भाभी शोधून राहिल्या."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग बोटांनी माझा हात चाचपला.

"मंग शिडी वर घेऊ नोका," ते म्हणाले.

मी बाहेर आले आणि भाभींना फोन करून फाटक उघडं ठेवायला सांगितलं.