विहीणबाई कोफिलिन झाल्या

बोलणं कुठूनही सुरू करा, तिसऱ्या वाक्याला ते ॲक्टिन नावाच्या प्रथिनापाशी आणून सोडणारी बाई अख्ख्या रत्नागिरीत एकच, आणि ती माझी आत्या. जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली, पण फक्त पगारापुरती. बांगडे घ्यायला गेली की मासेवालीला सांगणार, "तुझा हा हात हलतो ना गो, तो ॲक्टिनच्या धाग्यांवर." मासेवाली म्हणणार, "असंल बाय, पण कालवण लवकर कर, बांगडा नरमेल." दाताच्या डॉक्टरनं तोंडात कापूस कोंबला तरी ती हातवाऱ्यांनी शिकवत राहिली, त्यानं 'समजलं' अशी मान डोलावली, तेव्हा कुठे दाढ निघाली.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मात्र आमची पाचावर धारण बसली. कोल्हापूरची मंडळी कोकम सरबत पीत बसली होती. व्याह्यांनी सहज विचारलं, "तुम्ही काय शिकवायचा?" झालं! आत्यानं पाहुणे उठवून रांगेत उभे केले, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात. "हे ॲक्टिनचे सुटे मणी. एकमेकांना धरलं की धागा. धागा वाढतो, पेशीचा पडदा पुढे रेटतो, म्हणून पेशी सरकते." व्याह्यांना टोकाला नेऊन म्हणाली, "तुम्ही टोपी. तुम्ही बसलात की धागा वाढायचा थांबला." व्याही खुशीत फेटा सावरून उभे राहिले. मग ती विहीणबाईंकडे वळली. "आणि या कोफिलिन. जुना धागा तोडणाऱ्या!"

विहीणबाईंनी पेला खाली ठेवला. "म्हंजे मी तोडणारी? लग्नाआधीच? उठा ओ, जाऊया."

मुलीचे डोळे भरले. मी आत्याच्या कानाशी लागलो, "माफी माग."

"कशाबद्दल रे मेल्या?" तिला खरंच कळलं नव्हतं. विहीणबाईंसमोर खुर्ची ओढून ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, जुने धागे तुटले नाहीत तर मणी सुटत नाहीत. मग नवा धागा कशाचा करायचा? पेशी जागीच अडकते हो. सगळ्यांत मोठं काम तुम्हाला दिलंय."

विहीणबाईंनी पदर खोचला. मग माझ्या मुलीकडे बघून म्हणाल्या, "आमच्यात सुना नोकरी करत नाहीत. सासूबाईंनी माझी सोडायला लावली होती. तुझीही सोडवायची, असं घरात चाललं होतं. ते मी तोडते. चालंल?"

"अगदी तेच काम!" आत्या ओरडली.

"कुठनं तोडायचं, दाखवा मग," म्हणत विहीणबाई रांगेत शिरल्या आणि माझ्या मेव्हण्याच्या हातावर असा फटका हाणला की अख्खा धागा सोफ्यावर कोसळला. टोपी सगळ्यांत खाली सापडली. हसता हसता जेवणं गार झाली.

संध्याकाळी मी आत्याला रिक्षानं भाट्याला सोडायला निघालो. रिक्षा पुलावर आली.

"शेवटी शेवटी वर्गात एकच मुलगी बसायची रे," ती खाडीकडे बघत म्हणाली. "तीही खिडकीबाहेर बघत. आज कोण कोण ऐकत होतं?"

"सगळे, आत्या."

"खरं?"

"सगळेच."