हवालदारानं दोनदा विचारलं

ही गोष्ट माझ्या बायकोलाही अर्धीच माहीत आहे. उरलेली अर्धी मी सहा वर्षं कोणाजवळ काढलेली नाही. तुम्ही म्हणाल, मग आत्ताच काऊन? कारण गेल्या महिन्यात आमच्या शाळेत मानसिक आरोग्यावर कार्यक्रम झाला, आणि बोलायला उभं कोणाला केलं — मला. घरात आजारी भाऊ सांभाळणारे सर म्हणून. टाळ्या वाजल्या. मी त्या घेतल्या.

तेव्हा इथं डोळ्यांतलं पाणी वगैरे शोधू नका. मला संताप आला आहे, आणि तो कोणावर, ते शेवटपर्यंत वाचाल तर कळेल.

दिनेश माझा धाकटा भाऊ. बुलडाण्याजवळच्या धाड गावात आमच्याच घरात राहतो. सव्विसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू येऊ लागले. पंख्यातून कोणी बोलतंय म्हणायचा, नळ सोडला की कान झाकायचा. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि माणूस सावरला. म्हशीचं दूध काढायचा, स्प्रिंकलरचे पाइप हलवायचा, बाजार करायचा. फक्त हात थरथरायचे, कधी ओठाच्या कडेला लाळ यायची. एवढंच. गावात आम्ही सांगायचो, त्याला बीपीची गोळी चालू आहे.

मग माझ्या मुलीचं, प्राचीचं, मेहकरच्या एका घरी जमत आलं. सोयरीक करताना आमच्याकडे काय विचारतात, तुम्हाला ठाऊक आहे. शेती, नोकरी — आणि सगळं झाल्यावर कोणीतरी मामा आवाज खाली आणून विचारतो, घराण्यात कोणाले तसं काही नाही ना? भांडखोर काका चालतो. दारुडा काका चालतो, त्याला लग्नात मागच्या खोलीत बसवतात. पण ‘तसं’ चालत नाही. आणि दिनेश पाहुण्यांपुढे येणार तो कपबशा वाजवत —

पाहुणे यायच्या पंधरा दिवस आधी मी त्याच्या गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही. त्याला म्हटलं, दिन्या, तू बरा झाला आता, गोळीले सुट्टी. केवढा खूश झाला तो. हात खरंच थांबले. त्यानं चहा दिला, तुरीवर बोलला, पाहुण्यांना आवडला. होकार आला. मग तरी मी गोळ्या सुरू केल्या का? नाही. लग्न होऊ दे, म्हटलं.

तुम्हाला वाटलं असेल, हीच ती चूक. नाही. ही तर मी स्वतःला केव्हाच माफ करून टाकलेली.

पाच आठवडे गेले. बाजाराच्या दिवशी दिनेशनं स्टँडवर उभ्या एसटीच्या काचेवर दगड मारला. आत माणसं कोंडली आहेत, त्यांना सोडवतो, असं ओरडत होता. काच फुटली, ड्रायव्हरच्या कपाळाला तीन टाके पडले. लोकांनी दिनेशला बेदम मारलं. पोलीस आले म्हणून जीव वाचला.

मला शाळेतून बोलावलं. ठाण्यात शेळके म्हणून हवालदार होते, निवृत्तीला आलेले. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. तर त्यांनी दिनेशचं रक्त पुसून त्याला बाकावर बसवलेलं, पाणी दिलेलं. तो स्वतःशीच पुटपुटत होता. शेळके मला म्हणाले, सर, हा गुन्हेगार नाही, आजारी आहे. असा माणूस कोठडीत टाकायचा नाही, दवाखान्यात न्यायचा, असं आम्हाला आता शिकवलेलं आहे. गाडी उभी होती. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेणार, डॉक्टरांचा कागद साहेबांपुढे ठेवणार — त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. ड्रायव्हरलाही समजावलं होतं. मला फक्त एका गोष्टीचं उत्तर द्यायचं होतं.

“सर, याचा आधी कुठं इलाज झाला होता काय?”

घरी कपाटात बारा वर्षांची फाइल. आणि ठाण्याच्या दारात बाजारातली दहा-वीस माणसं, कान लावून. लग्नाला बारा दिवस.

“नाही,” मी म्हणालो. “कधीच नाही.”

शेळके उठले, माणसांना हाकललं, दार लोटून घेतलं. जवळ येऊन हळूच म्हणाले, “घाबरू नका सर. तुमच्या एका शब्दावर याचं पुढचं हाये. गोळी-बिळी चालू होती काय?”

आता कोणी ऐकत नव्हतं. समजतंय ना तुम्हाला? पहिल्या वेळी लोक होते. दुसऱ्या वेळी कोणी नव्हतं. एक भला माणूस दार लावून, हात जोडल्यासारखा माझ्यापुढे उभा होता — आणि मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, “त्याले काही बिमारी नाही. पितो आन् मस्ती करतो. तुमच्या कायद्यानं काय होते ते करा.”

दिनेशनं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही.

“वास तर नाही येऊन राह्यला,” शेळके म्हणाले. पण त्यांनी जबाब लिहून घेतला. खाली मी सही केली. मास्तरची वळणदार सही. तिच्यापुढे एका हवालदाराचं काय चालणार?

जामीनही मीच लांबवला. लग्न थाटात झालं. काका दिसत नाहीत, असं व्याह्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, बाजारात हाणामारी केली, आत आहे, तापट आहे जरा. ते हसले. एक माणूस जेवण सोडून उठला नाही. माझा हिशेब बरोबर निघाला, याची चीड कशी सांगू?

तीन महिन्यांनी दिनेश आला तो सापळा होऊन. भिंतीवर तोंड आपटून दोन दात पाडलेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण पूर्वीचा दिनेश काही परत आला नाही. म्हशीजवळ जात नाही. भिंतीकडे तोंड करून जेवतो. गोळ्या मध्ये कोणी थांबवल्या, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, त्यानंच.

आता त्याची बिमारी सगळ्या गावाला दिसते. आणि शिव्या अजून कोणाला? शेळक्यांना. बिमार माणसाले जेलात टाकलं त्या हराम्यानं, असं चौकात माझ्यादेखत म्हणतात. मी मान हलवतो. सहा वर्षं हलवतोय.

त्या कार्यक्रमाहून घरी आलो, तेव्हा दिनेश ओसरीत बसला होता. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगून टाकलं — फाइल, सही, जामीन. तो भिंतीकडेच बघत होता.

“मले मालूम आहे भाऊ,” तो म्हणाला. “मी तिथंच होतो ना, बाकावर.”

मग आपणहून बोलला. जेलात एकदा डॉक्टर आला होता म्हणे. काही बिमारी आहे काय, गोळी चालू होती काय, असं त्यानंही विचारलं होतं. “मी म्हनलं, नाही.”

का, म्हणून मी विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

“तू तसंच सांगतलं होतं. म्या वेगळं सांगतलं असतं, तर तू खोटा पडला असता.”