मी रुसलो नव्हतो

मला हिंगोलीच्या डॉक्टरांनी नाचायला सांगितलं आहे.

वर्षभर मी डिप्रेशनमध्ये होतो. एसटी उशिरा आली तरी मलाच अपराधी वाटायचं. माझ्यामुळे बायकोचं, सुनंदाचं, हसणं बंद झालं याचं तर फारच. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालूच राहतील. जोडीला माणसांत मिसळा, चारचौघांत नाचा, मदत होते. सुनंदाने हे गोळ्यांइतकंच मनावर घेतलं.

पण कुरुंद्यात पन्नाशीच्या खतवाल्या दुकानदाराने नाचायचं कुठे? (मी स्वतःच्या वरातीतही टोपी सांभाळत उभा होतो.) शेजारचे हमीदभाई बँडमध्ये ढोल वाजवतात. ते म्हणाले, "भाऊ, जवळा बाजारला वरात हाय आपली. चला. वरातीत कोन कोनाचा, कोनी इचारत न्हाई."

सुनंदाला घेऊन मी गेलो, आणि खरंच कुणी विचारलं नाही! नवरदेवाकडच्यांना मी नवरीकडचा वाटलो, नवरीकडच्यांना नवरदेवाकडचा. कढईत शिजणाऱ्या हळदीसारखा मी जागच्या जागी खदखदत राहिलो, पण नाचलो.

मग दम लागला. मांडवात एका खुर्चीवर टेकलो आणि सवयीप्रमाणे चेहरा पडला. इथेच घोळ झाला. आमच्याकडे लग्नात पडलेल्या चेहऱ्याचा एकच अर्थ असतो: पाहुणा मानापानावरून रुसला!

नवरीचा बाप धावत आला. माझ्या मांडीवर टॉवेल-टोपी ठेवून म्हणाला, "पाव्हणं, काय चुकलं आमचं?"

"तुमचं काहीच न्हाई हो," मी कळवळून म्हणालो. "चूक माझीच हाय."

मी हे अगदी मनापासून बोललो होतो. त्याला तो टोमणा वाटला. त्याने आणखी माणसं बोलावली. कुणी मला फेटा बांधला (तो डोळ्यांवर आला), कुणी मांडवातला एकुलता पंखा माझ्याकडे वळवला. मी जितकी माफी मागावी तितका माझा रुसवा वाढत गेला. हा पाहुणा उठल्याशिवाय पंगत बसवायची नाही असं ठरलं, तेव्हा भुकेलं वऱ्हाड माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघू लागलं. नवरदेवाकडचे खरे जावई कोपऱ्यात हक्काने रुसून बसले होते. त्यांच्याकडे कुणी बघेना!

शेवटी नवरीच्या बापाने हात जोडले. काय हवं ते मागा, पण पोरीच्या लग्नात अडून बसू नका, म्हणाला. पलीकडे सुनंदा तोंडाला पदर लावून उभी होती. आता मात्र राहवेना.

"मी कोनाचाच पाव्हणा न्हाई," मी म्हणालो. "मला डिप्रेशन हाय. डॉक्टरनं नाचायला सांगितलं म्हणून आलतो."

बापाने मला फेट्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं. आता फेटा उतरवणार, असं मला वाटलं.

"मंग बसून काहून राहिलात?" तो म्हणाला, आणि त्याने हमीदभाईंना हात केला.

पंगत आणखी लांबली. बाप माझा हात धरून नाचला, त्याने कोपऱ्यातल्या जावयांनाही ओढून आणलं. फेट्यामुळे मला काही दिसत नव्हतं. मी त्या जावयांच्याच पायावर पाय देत होतो. तेवढ्यात सुनंदाचं हसू ऐकू आलं. वर्षभराने. मग मीही हसलो.

गोळ्या अजून चालू आहेत, वरातीही. फक्त आता मी घरात तोंड पाडून बसलो की सुनंदा जवळ येऊन विचारते, "अहो, बिमारीचं हाय का मानाचं?"

खोटं कशाला बोलू? हल्ली बऱ्याचदा मानाचंच असतं.