कुसुमची फाइल

डॉक्टरांनी सुईच्या तपासणीचा रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "सव्वा वर्षापूर्वी याच जागची गाठ काढली होती ना? तेव्हाचा रिपोर्ट कुठाय?"

मी म्हटलं, "तेव्हा काही निघालं नव्हतं."

"कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. कुणी काही बोललं नाही म्हणजे काही निघालं नाही, असं मीच धरून चालले होते.

मग त्यांनी समजावून सांगितलं. डाव्या स्तनात पुन्हा आलेली गाठ साधी नाही. बायोप्सीत, म्हणजे सुईनं काढलेल्या तुकड्यात, वाईट पेशी दिसतात. पण त्या दोन वेगळ्या आजारांच्या असू शकतात. एक म्हणजे स्तनाचा नेहमीचा कॅन्सर. त्यात आधी केमोथेरपी, म्हणजे सलाइनमधून कॅन्सरची औषधं, आणि मग ऑपरेशन. दुसरा फायलोडीस ट्यूमर. ही क्वचित होणारी गाठ. तिच्यावर त्या औषधांचा फारसा उपयोग नाही, सरळ ऑपरेशनच करावं लागतं.

"एवढ्याशा तुकड्यावर मी ठरवणार नाही," डॉक्टर म्हणाले. "जुना रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद आणि जुना ब्लॉक आणा. शुक्रवारी आमची सगळ्यांची मीटिंग असते. गाठ भराभर वाढतेय, त्याच्या पुढच्या शुक्रवारची वाट बघायला नको."

ब्लॉक म्हणजे काय तेही मला त्या दिवशीच कळलं. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून लॅबमध्ये जपून ठेवतात. त्या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात.

तो सोमवार होता.

मी शहरातल्या गारखेड्यात ब्लाउज शिवते. आमचे हे, दिलीप, वाळूजच्या एका कंपनीत आहेत. घरी आल्यावर दोघांनी मिळून कपाट उपसलं. बंद पडलेल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड निघालं, भंगारात दिलेल्या लुनाचं पासिंगचं पुस्तक निघालं. माझ्या ऑपरेशनचा एकही कागद निघाला नाही.

मंगळवारी पहिलं ऑपरेशन झालं त्या जुन्या हॉस्पिटलात गेलो. रेकॉर्ड रूम तळघरात, जनरेटरच्या मागं. तिथं शेखभाई म्हणून पन्नाशीचे गृहस्थ बसतात. मी आधार कार्ड पुढं केलं: सुरेखा दिलीप गायके. त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं, नाही. दिवाळीच्या आगेमागचे महिने शोधले, नाही. शेवटी जाड रजिस्टर काढून ओळीओळीवर बोट फिरवलं.

"मावशी, या नावाची पेशंट आपल्याकडं आलीच नाय."

"आली नाय? मग मी काय सुट्टी घालवायला आले होते का इथं चार दिवस?" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून बघायला लागली. ह्यांनी माझा दंड धरून मला वर नेलं. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि पदराखालून व्रणावर बोट फिरवलं. व्रण होता. मला खरंच खात्री करून घ्यावीशी वाटली होती.

घरी येऊन धाकट्या भावाला फोन लावला. विठ्ठल फुलंब्रीकडं, आमच्या माहेरच्या गावी शेती बघतो. तेव्हा मला दवाखान्यात त्यानंच नेलं होतं.

"फॉर्मवर नाव काय लिवलं होतंस रं माझं?"

"काय म्हंजी? कुसुम. कुसुम रामराव जाधव. दुसरं काय लिवणार, आक्का?"

मी फोन ठेवला.

लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं 'सुरेखा' लिहिलं आणि त्या दिवसापासून मी सुरेखा झाले. रेशन कार्ड, बँक, आधार, सगळीकडं सुरेखा. कुसुम फक्त माहेरी उरली, तीही आई गेल्यावर एकट्या विठ्ठलच्या लेखी. त्या दिवाळीला माहेरी गेले असताना लिंबाएवढी झालेली गाठ ठणकायला लागली. विठ्ठलनं गाडीत घालून शहरात आणलं, फॉर्म भरला. बहिणीचं जे नाव त्याला ठाऊक होतं, ते लिहिलं.

आणि मला ते कळलं नव्हतं असं नाही. खाटेच्या पायथ्याशी पाटी होती, कुसुम रामराव जाधव. सिस्टर 'कुसुमताई' म्हणून हाक मारायची. चोवीस वर्षांनी परकं कुणीतरी मला माहेरच्या नावानं हाक मारत होतं. खरं सांगते, मला लई बरं वाटलं. ऑपरेशनच्या आधी संमतीच्या कागदावर सहीसुद्धा मी कुसुम म्हणूनच केली. दुरुस्ती करा, असं एका शब्दानं म्हणाले नाही. चार दिवस ते नाव अंगावर घेऊन मी मजेत पडून राहिले आणि घरी आल्यावर विसरून गेले.

"आठ दिवसांनी रिपोर्ट येईल," असं तेव्हा सांगितलं होतं. विठ्ठल कापूस वेचणीला गेला, टाके मी गारखेड्यातच काढून घेतले. त्याला वाटलं रिपोर्ट मी आणला, मला वाटलं त्यानं आणला.

बुधवारी पुन्हा तळघर. या वेळी फाइल पाच मिनिटांत निघाली. गुलाबी पुठ्ठ्याची, बारीकशी. ती टेबलावर माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

शेखभाईंनी माझं आधार बघितलं, फाइल बघितली आणि फाइलीवर हात ठेवला. "मावशी, ही तर कुसुम जाधव हाय."

"मीच ती."

"तिचं नाव सुरेखाच आहे," हे मध्येच बोलले. का बोलले, देव जाणे. पंचवीस वर्षांची सवय. त्यानं गोंधळ आणखी वाढला.

मला रडू फुटलं. "व्रण दाखवू का? आत्ता इथं दाखवते, बघा!" मी खांद्यावरची पिन काढायलासुद्धा लागले. रांगेतल्या एका बाईनं पुढं होऊन माझा पदर सावरला. माणूस इतका घायकुतीला येतो की लाजही उरत नाही, हे मी त्या टेबलापुढं बघितलं.

शेखभाईंनी मान खाली घातली. "मावशी, तुमचीच असंल. पर उद्या दुसरी कुणी येऊन मीच ती म्हणली अन् मी देऊन टाकली तर? याच्यात बाईमाणसाचं सगळं लिवलेलं असतं." मला त्या क्षणी त्यांचा संताप आला होता. आज वाटतं, माझी फाइल त्यांनी माझ्यापासूनसुद्धा जपली.

मग त्यांनीच कोरा कागद दिला. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर त्यांनी सांगितलेलं लक्षात ठेवा. तोंडी मागू नका, लेखी अर्ज करा. अर्ज दोन प्रतींत लिहा आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. 'सगळे कागद' असं मोघम लिहू नका. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, गाठीचा रिपोर्ट असं एकेक लिहा. ब्लॉक बहुधा लॅबकडं असतो, त्यासाठी वेगळं पत्र मागा. दुसऱ्याला पाठवणार असाल तर पेशंटच्या सहीचं पत्र द्या. रुग्णानं मागितलेली प्रत बहात्तर तासांत द्यावी असा नियम आहे, आणि भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं तरी ठेवावे लागतात. त्यामुळं 'आता कुठं मिळणार' म्हणून घरी बसू नका.

बहात्तर तास मी बोटांवर मोजले. बुधवार दुपार ते शनिवार दुपार. मीटिंग शुक्रवारी सकाळी.

"अन् दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र आणा," शेखभाई म्हणाले. "माहेरच्या नावाचा एक तरी पुरावा लागंल."

माहेरच्या नावाचा पुरावा. आई-वडील नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला होता, तो माहेरच्या घरात कोणत्या पेटीत, कुणास ठाऊक. त्या दिवशी मला प्रथमच मरणाची भीती वाटली. कॅन्सर ऐकूनही इतकी वाटली नव्हती. हातभर अंतरावरचा कागद आपल्याला मिळू शकत नाही, या गोष्टीनं मी आतून खचले.

गुरुवारी पहिल्या एसटीनं विठ्ठल आला. शर्टाच्या आत, पोटाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखला. धान्याच्या कोठीमागच्या पत्र्याच्या पेटीत सापडला म्हणाला. कडा उंदरानं कुरतडलेल्या, पण नाव शाबूत होतं. कोर्टाबाहेर नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि तिघंही हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरीणबाईंपुढं उभे राहिलो.

त्यांनी फाइल उघडली, संमतीचा कागद काढला आणि माझ्यापुढं कोरा कागद सरकवला. "कुसुम म्हणून सही करा."

सही शाळेत शिकवलेलीच आली, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढलेली. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि शेखभाईंना म्हणाल्या, "यांना आत्ताच द्या. बहात्तर तास कशाला?"

प्रती हातात आल्या. रिपोर्ट इंग्रजीत. डॉक्टरीणबाईंनीच वाचला. फायलोडीस ट्यूमर, बॉर्डरलाइन, म्हणजे साध्या आणि वाईट गाठीच्या मधली. आणि मार्जिन, म्हणजे काढलेल्या भागाची कड, स्वच्छ नव्हती. ब्लाउज कापताना आपण माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, सोडतो, तशी गाठीभोवती चांगल्या भागाची माया सोडून कापावं लागतं. इथं मायाच राहिली नव्हती. 'आणखी कड काढावी' असा सल्ला खाली लिहिलेला होता.

"म्हणजे तेव्हाच आले असते तर?"

"आणखी थोडा भाग काढून बहुतेक भागलं असतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

फाइलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'भावाला दोनदा फोन. बंद.'

विठ्ठलचा मोबाइल त्याच महिन्यात विहिरीत पडला होता. त्यानं नवा नंबर घेतला होता.

"तुम्ही पत्र का नाही टाकलं?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "गावाचा पत्ता होता की."

"टाकायला हवं होतं. आमचं चुकलं," त्या म्हणाल्या. भांडायला आलेली मी, त्या सरळ उत्तरापुढं भांडताही आलं नाही.

विठ्ठल भिंतीला टेकून खाली बसला. चाळिशी ओलांडलेला माणूस, हुंदके देऊन रडत होता. "आक्का, म्याच घात केला गं तुझा."

मी त्याच्याजवळ बसले. "नाव तर तू बरोबरच लिवलं होतं रं," एवढंच मला सुचलं.

रडायला वेळ नव्हता. ब्लॉक औरंगपुऱ्यातल्या लॅबमध्ये होता. पत्र घेऊन रिक्षात बसलो, गुलमंडीच्या गर्दीत रिक्षा अडकली, तशी उतरून चालत सुटलो. लॅब बंद व्हायच्या अर्धा तास आधी पोचलो. काडेपेटीपेक्षा लहान डबीत मेणाचा तुकडा. माझाच तुकडा, सव्वा वर्ष माझ्यावाचून पडलेला.

रात्रीच तो आमच्या डॉक्टरांच्या लॅबमध्ये दिला आणि शुक्रवारी मीटिंग झाली. जुना रिपोर्ट आणि ब्लॉकचे काप पाहून फायलोडीसच ठरला. केमोथेरपी टळली, पण गाठ आता एवढी वाढली होती की पूर्ण स्तन काढावा लागला. यापुढं काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. तपासणीच्या आठवड्यात माझ्या हातून शिलाई सरळ येत नाही. मी बरी झाले असं मी म्हणत नाही. पण वेळेत योग्य ते ऑपरेशन झालं, त्यात उंदरानं सोडलेल्या त्या दाखल्याचे आणि शेखभाईंचे उपकार आहेत. त्यांच्यासाठी मी शेवयांचा डबा घेऊन गेले होते. त्यांनी तो घेतला, पण त्याआधी रजिस्टरमध्ये माझी दोन्ही नावं एका ओळीत करून दाखवली.

या वेळी डिस्चार्जच्या दिवशी पिशवी भरून, चप्पल घालून मी खाटेवरच बसून राहिले. रिपोर्ट कधी येणार, कुणाकडून घ्यायचा, हे लिहून हातात पडेपर्यंत उठले नाही. सिस्टर वैतागली. वैतागू दे.

घरी आल्यावर ह्यांनी नवी फाइल आणली. वर जाड स्केचपेननं नाव लिहायला घेतलं, 'सुरेखा दिलीप गायके', आणि थांबले. माझ्याकडं न बघता पुढं लिहिलं, 'ऊर्फ कुसुम रामराव जाधव'.

तांदळातलं नाव ताट उचललं तेव्हाच मोडलं होतं. हे पुसलं जात नाही, मी ओल्या बोटानं घासून बघितलंय.