सुभेदारांचा अचूक नेम

सुभेदार गेल्याचा फोन आला तेव्हा मी कडेगावजवळच्या एका गोठ्यात अडलेली म्हैस सोडवत होतो. सकाळी चहा घेता घेताच गेले, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं... त्याला आता महिना होत आला. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते मलकापूरला मुलामुलींना नेमबाजी शिकवत. मी जनावरांचा डॉक्टर. उसात बिबट्या निघाला की वनखातं आम्हा दोघांना बोलवायचं. गुंगीचं औषध मी भरायचं, त्याची सुई बंदुकीतून त्यांनी मारायची.

काही वर्षांपूर्वी एकदा ऊसतोडीच्या फडात, उरलेल्या पट्ट्यात बिबट्याची मादी दडली होती. काठ्या घेऊन गाव जमलेलं. जीपच्या हादऱ्यांनी बंदुकीवरची दुर्बीण हलली असणार म्हणून सुभेदारांनी आधी तेवढ्याच अंतरावर खताचं पोतं टांगून रिकाम्या सुया मारल्या. सगळ्या एकाच जागी लागल्या, पण खाली, डावीकडं. “हात बरोबर हाय, दुर्बीण चुकलीया,” म्हणत त्यांनी तिचे स्क्रू जरा जरा फिरवले. लोक घाई करत होते. पुढची सुई पोत्याच्या मधोमध बसेपर्यंत ते उठले नाहीत.

मग त्यांनी मादीच्या मांडीत अचूक सुई मारली. ओढ्याकडची वाट मोकळी असूनही ती तिकडं पळाली नाही, उलट उसातच शिरली आणि पडली. आम्ही तिला पिंजऱ्यात घालून नेलं. धोका टळला म्हणून तोड पुन्हा सुरू झाली आणि सरीत लपलेलं एक पिल्लू कोयत्याखाली सापडलं. दुसरं तेवढं वाचलं.

“नेम चुकला असता तर बरं झालं असतं,” सुभेदार म्हणाले. चुकला असता तर लोकांनी मादीलाच मारलं असतं, असं मी समजावलं. “दुर्बिणीत ती एकलीच दिसली, डॉक्टर. आजूबाजूला बघायचं ऱ्हायलं.” मला तरी कुठं सुचलं होतं?... मोकळी वाट सोडून आईशिवाय कोण थांबतं!

वनखात्याच्या साहेबांपुढं ठाण मांडून त्यांनी मादीला त्याच शिवारात सोडायला लावलं. गाव चिडलं, त्यांना नको ते बोललं. त्यांनी ऐकून घेतलं. बांधावर ठेवलेल्या टोपलीतून मादीनं पिल्लू मानेला धरून उचललं, तेव्हा जीपमध्ये आम्ही सगळे सुटलो. सुभेदार एवढंच म्हणाले, “दोन हुती.” त्यानंतर ते वनखात्याच्या हाकेला कधी गेले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

परवा मलकापूरला त्यांच्या घरी भेटून येताना ते शिकवायचे त्या मैदानावर थांबलो. एक मुलगी पालथी पडून दुर्बिणीला डोळा लावून होती. आता मारणार, तोच तिनं मान वर काढली, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं आणि पुन्हा डोळा लावला. असं का करतेस, मी विचारलं.

“सर करायला लावायचे,” ती म्हणाली. “का, ते न्हाई सांगितलं कवा.”

मीही सांगितलं नाही.