साहेबांपुढचं उत्तर

पिरीना एरवी तोंडाची फटकळ, पण साहेबाची टोपी दिसली की पढवलेलं तेवढंच बोलायची. फ्लँडर्सहून पळून आलेल्या आम्हा सगळ्यांनाच ती खोड. तिकडं राजाचा जुना पंथ सोडून आमच्या नव्या धर्माचं नाव काढलं की फास. तिचा नवरा योस शेतात चोरून प्रवचन ऐकताना सापडला आणि त्याला भर चौकात लटकवला. तेव्हापासून हिचं उत्तर ठरलेलं, "धर्माबिर्माचं आम्हाला काय कळतंय साहेब, काम करून खातो." लेकीकडून, टानेकिनकडूनही तिनं घोटून घेतलं होतं. बाप कशानं गेला? तापानं.

लंडनला येऊन दोन वर्षं झाली, माग झकास चालला होता. अन् हुकूम सुटला, परक्यांची शिरगणती करा. धर्मापायी आलेले इंग्रजांच्याच पंथाचे, ते राहतील; नुसत्या कामासाठी आलेल्यांना गलबतात घालून परत धाडा. आमच्या चर्चच्या पंचांपैकी लीव्हनकाकांनी रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना सावध केलं. नेमका टानेकिनला गोवर, म्हणून पिरीना घरी!

सोमवारी कारकून दारात उभा. दुभाषे म्हणून लीव्हनकाका सोबत.

"इकडं का आलीस?" काकांनी विचारलं आणि डोळे वटारले. तिला वाटलं, जपून बोल म्हणतायत.

"कामासाठी, साहेब."

झालं! 'काम' हा शब्द आमचा आणि इंग्रजांचा जवळजवळ एकच. काकांनी फिरवायच्या आत कारकुनानं लिहूनसुद्धा टाकला.

"अगं भवाने, काय बोललीस हे!" काका ओरडले. "धर्मासाठी आलेल्यांनाच ठेवतायत इथं!"

पिरीनाच्या पायाखालची जमीनच सरकली. धर्मासाठी म्हणायचं? साहेबासमोर? मोठ्यांदा? ती रडत, अडखळत सगळं सांगत सुटली. प्रवचन, चौक, योसचे लोंबकळणारे पाय. काकांनी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.

"आता सगळ्यांचेच नवरे फासावर चढतात," कारकून म्हणाला आणि टानेकिनकडं वळला. सात वर्षांची पोर, गल्लीत खेळून इंग्रजी शिकलेली. तिला दुभाषा कशाला लागतोय!

"बाळ, तुझा बाप कशानं गेला?"

टानेकिननं टोपीकडं पाहिलं. अंथरुणातून उठून ताठ उभी राहिली आणि खणखणीत इंग्रजीत उत्तर दिलं.

पिरीनाला एक अक्षर कळलं नाही. काकांनी मात्र कपाळाला हात लावला. कारकुनानं वही मिटली.

"आई," टानेकिन तिचा हात ओढत म्हणाली, "बरोबर सांगितलं ना? तापानं."