माझ्यावर ब्रोन आहे

आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक आयरिश इंजिनिअर बसतो. साठी उलटलेला, दुबई मरीनात एकटा राहणारा, चहात चार चमचे साखर घालणारा. मी डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे साइटवरून आलेल्या ड्रॉइंगना नंबर घालायचे, शिक्के मारायचे, आणि ती कोणी हरवली की बोलणी मी खायची. आमची दोस्ती झाली ती दोघांनाही एसीची थंडी सोसत नाही म्हणून.

दोन वर्षांपूर्वी तो गेलेल्या भावाला पोचवून परत आला तेव्हा मी सगळ्यांसारखीच 'सॉरी' म्हणाले. तो म्हणाला, "आमच्या भाषेत असं म्हणतात, तॉ ब्रोन ओरम." आयर्लंडमध्ये इंग्रजीच बोलतात असं मला वाटायचं. पण हा पश्चिमेच्या किनाऱ्यावरचा, त्याच्या घरात आयरिश बोलायचे. त्याने ड्रॉइंगच्या पाठीवर तीन शब्द लिहून फोड करून दाखवली. तॉ म्हणजे आहे. ब्रोन म्हणजे दुःख, शोक. ओरम म्हणजे माझ्यावर. मी दुःखी आहे असं ते म्हणत नाहीत, दुःख माझ्यावर आहे असं म्हणतात. तुझ्यावर असेल तर ओर्त, तिच्यावर असेल तर उर्ही. भूक, तहान, ताप, लाज, सगळं त्यांच्यात असं अंगावर असतं. आणि 'माझं दुःख' म्हणायचं झालं की ब्रोनमधला ब विरघळतो आणि होतं मो व्रोन. म्हाताऱ्या बायका कपाळाला हात लावून तेवढंच म्हणतात, असं तो म्हणाला.

"आणि कोणाच्या पायावर पाय पडला तर काय म्हणता?" मी विचारलं.

"तेच. तॉ ब्रोन ओरम. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये ब्रोन हाच शब्द आहे, पण माफी मागायला ते दुसरा शब्द वापरतात. आमच्याकडे दोन्हीला एकच."

"म्हणजे पाय तू द्यायचास आणि वर म्हणायचं, दुःख माझ्यावर येऊन बसलंय. केलं कोणी, ते या वाक्यात कुठंय?"

"नाहीच आहे."

"मग सोयीची भाषा आहे तुझी."

तो हसला. तेव्हापासून रोज सकाळी मी तोंड पाडून आले की तो विचारायचा, "कॉद अतॉ ओर्त?" तुझ्यावर काय आहे आज? काय होतंय तुला, हे विचारायची त्यांची रीतच ती. मी म्हणायची, "ट्रॅफिक." शारजातल्या अल नहदाहून सकाळी दुबईत शिरणाऱ्या माणसावर दुसरं काय असणार?

आता माझ्या घराची एक रीत सांगते. घरात कोणी गेलं की परगावच्या माणसाला फोनवर ते सांगायचं नाही. तब्येत बरी नाही, जरा येऊन जा, एवढंच. माणूस वाटेत एकटं असतं, त्याला धक्का बसू नये, घरी आलं की चार जण सावरायला असतात. हेतू चांगलाच. पण माझे वडील गेले तेव्हा दादाने मला फोन केला, "बाबांना ताप आहे, येऊन जा," आणि मी खुळ्यासारखं ते खरं मानलं. शारजात दुकानं पालथी घातली. बिनसाखरेची बिस्किटं, खजूर, आणि चालायला मऊ बूट, नऊ नंबरचे. विमानात शेजारणीला सांगितलं, वडिलांना बूट आवडतील. घराच्या वळणावर टॅक्सी थांबली तर अंगणात बायका बसलेल्या, आणि मी हातात बुटांचं खोकं घेऊन उभी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. सगळ्यांना कळलेलं, फक्त मला नाही. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. रडूसुद्धा आलं नाही. मी कानाला खडा लावला की पुन्हा असं गंडायचं नाही.

गेल्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, दादाचा फोन आला. मी ऑफिसात होते. "आईची तब्येत बरी नाही गं. येऊन जा." तोच आवाज, तेच शब्द. मी विचारलं, "किती बरी नाही?" तो म्हणाला, "ये तू." मागे कोणीतरी भांडी हलवत होतं. मी म्हटलं, "बरं," आणि ठेवला.

मला कळलं. म्हणजे मला वाटलं, मला कळलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशातली गत. आई गेली हे मी दोन मिनिटांत मनाशी पक्कं केलं आणि मग सगळं कसं शहाण्यासारखं केलं. साहेबांकडे जाऊन सरळ सांगितलं, "माय मदर इज नो मोअर." त्यांनी हात जोडले. एचआरच्या मुलीने संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढून दिलं, गोव्यापर्यंत. आयरिश उठून उभा राहिला आणि त्याचं ते वाक्य म्हणाला. ते तो आपल्यावरही दुःख आहे म्हणून म्हणाला, हे मला कळलं आणि बरं वाटलं.

बारा वाजता वहिनीचा फोन आला. "वन्सं, ऐका ना, आई..."

"वहिनी, काही सांगू नका," मी म्हटलं. "मला कळलंय. मी लहान नाहीये आता. मी येतेय, तोवर मला कोणी फोन करू नका." आणि कट केला. तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं. वहिनीला मनात म्हटलं, खोटं सांगताना तुझ्यावर काय बेतलं असतं बाई, मी तुला सोडवलं.

मग टॅक्सीत बसले, घरी अल नहदाला निघाले, आणि फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'. तिचा फोटो, डोळे मिटलेला, कारण मला कधी धड फोटो काढता आला नाही आणि तो बदलायचा राहिला. माझ्या अंगाचा भडका उडाला. मेलेल्या बाईचा फोन हातात घेऊन घरचे मला खोटं सांगणार, जरा ताप आहे म्हणून. थोडी तरी लाज? मी वाजू दिला. टॅक्सीवाला पठाण आरशातून बघत होता. घरी पोचले, कपाटातून साधी साडी काढत होते तेव्हा पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी बॅगेची चेन ओढत होते. लेक कॉलेजातून आली होती. ती म्हणाली, "Mumma, it's Aaji." मी म्हटलं, "आजी नाहीये ती." पोर रडायला लागली. तिला जवळ घेतलं आणि फोन सायलेंट केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले. अंगणात बायका होत्याच. यावेळी मी तयारीने गेले होते, हातात खोकं नव्हतं. आईच्या पायावर डोकं ठेवलं, पाय गार. दादाने कुशीत घेतलं आणि म्हणाला, "चार वाजता गेली. शेवटपर्यंत शुद्धीत होती."

मी विचारलं, "परवा चार वाजता?"

"काल."

काल इथे चार वाजले तेव्हा मी तिकडे विमानतळाकडे निघाले होते.

पुढचं वहिनीने सांगितलं, दहाव्याच्या आदल्या दिवशी, मागच्या पडवीत तांदूळ निवडताना. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं होतं. सकाळपासून आईला दम लागत होता, पण बोलत होती. दुपारी म्हणाली, तिला फोन लावून द्या. वहिनीने आपल्या फोनवरून लावला तर मी तो तोडला. मग आई म्हणाली, माझ्या फोनवरून लाव, माझा उचलते ती. वहिनीने लावून हातात दिला. पहिल्यांदा नाही उचलला. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदाही नाही उचलला तेव्हा वहिनी म्हणाली, राहू द्या आई, थकाल. तर आई म्हणाली, "कामात असेल गं ती. मग उचलेल." आणि फोन उशाशी घेऊन पडून राहिली.

"काय सांगायचं होतं तिला?" मी विचारलं.

"काही बोलल्या नाहीत. फक्त लावून द्या म्हणाल्या." वहिनीने सूप झटकलं. मग हळूच विचारलं, "कामात होतात का हो वन्सं?"

इथे मला खरं बोलता आलं असतं. ती बाई माझ्यावर चिडली नसती, तिचा स्वभावच नाही. आणि इतकी वर्षं मी याच घरावर दात धरला होता, मला खोटं सांगितलं म्हणून. मी म्हटलं, "हो. मीटिंगमध्ये होते."

"तेच म्हटलं," वहिनी म्हणाली आणि पुढचे तांदूळ सुपात घेतले.

तेरावं झालं, सुतक फिटलं. आमच्यात ते अंगाला लागतं आणि ठरल्या दिवशी अंघोळीने जातं. मी परत आले. ऑफिसात माझ्या टेबलावर ड्रॉइंगचा ढीग होता. आयरिशने चहा आणून ठेवला आणि विचारलं, "कॉद अतॉ ओर्त?" मी त्याला सगळं सांगितलं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, लेकीला तर नाहीच. त्याला सांगितलं, कारण तो माझ्या घरी कधी यायचा नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या भाषेत म्हणाला, तुझ्यावर दुःख नसो.

मी म्हटलं, "हे माझ्यावर आलेलं नाही. हे मी केलंय. ते कसं म्हणायचं तुमच्यात?"

तो सांगेना. नको, म्हणाला. मी हट्टाने पेन पुढे केलं. मग त्याने लिहिलं, मिशे अ रिने ए. ते मीच केलं. 'मी' हा शब्द ठासून जाड करून सगळ्यात आधी ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कोणाचा संशय राहत नाही. मी ते म्हणून बघितलं. त्याने माझा उच्चार सुधारला नाही.

तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. फोनमध्ये आईचे तीन मिस्ड कॉल आहेत, लाल अक्षरांत. दादाचा दर रविवारी फोन येतो आणि वाजला रे वाजला की मी उचलते. "अगं, कामात नाहीस ना?" तो आधी विचारतो. सगळ्यांना घरी अजून वाटतं, त्या दिवशी मी कामात होते.